खिळ्यावरचा बिल्ला

"खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचा बिल्ला अडकवायचा. मुलीचाही," मराइके म्हणाली होती.

हार्लेमबाहेरचा जमिनीखालचा तो जुना रेल्वे डेपो आता रविवारी लोकांना दाखवतात. मराइके तिथली स्वयंसेवक. खाली जायच्या वाटेवरच्या खिळ्यांच्या फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला, तरी इंजिन हलवायचं नाही, ही कामगारांची रीत त्यांनी अजून जपलेली.

"अहो, चार वर्षांची आहे. माझा हात धरूनच असणार," सुनीती हसली आणि तिने आपला एकटीचा बिल्ला अडकवला.

"आज काळजीला सुट्टी वाटतं?" तिच्या नवऱ्याने, अंबरीशने चिडवलं. एरवी लेकीला द्राक्षंसुद्धा चिरून देणारी ही बाई! तो कॉफी घेऊन वरच थांबला.

रुळांखालच्या खड्ड्यात डोक्यावर अख्खं इंजिन होतं. तेल पिऊन काळ्या झालेल्या विटा. पलीकडे कुणीतरी चाकावर हातोडी वाजवत होतं, हलकेच, झोपलेल्याला मायेनं उठवावं तशी. सुनीतीला बरं वाटलं. फोटोपुरता तिने हात सोडला.

वळून बघते तर गुंजन नाही.

वर पळाली असेल म्हणून ती धावत आली, येता येता आपला बिल्ला काढला. अंबरीश एकटाच उभा होता.

घंटा झाली. इंजिन निघणार. सुनीतीची हाक त्या घंटेतच बुडाली.

"थांबा!" मराइके फळीकडे बघत ओरडली. "एक बिल्ला आहे. कुणीतरी खाली आहे."

इंजिन थांबलं.

त्याच्या दोन चाकांमधून गुंजन बाहेर आली.

तिच्या मनगटावर तेलकट बोटांचे ठसे होते.

"कुणी धरलं होतं गं, पिल्लू?"

"ओपा," ती डचमध्ये म्हणाली. आजोबा.

"खाली आमचं कुणीच नव्हतं," मराइके पुटपुटली. "आणि हा असला बिल्ला आम्ही वापरत नाही."

वर आलेल्याने बिल्ला काढायचा, एवढं गुंजनला कळलं होतं. तो घरी तिच्या कोटाच्या खिशात सापडला.

"मग ओपांचा कुठला?" तिने विचारलं.

डेपो आता हिवाळाभर बंद आहे. आत रंगकाम चाललंय, इंजिनं इकडची तिकडे करतात म्हणे. फळी रिकामी असेल. म्हणून सुनीती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: त्या बाजूला गेलात तर जाळीतून खाली एक हाक मारून बघाल? नाव माहीत नाही. ओपा म्हटलं तरी चालेल.

बिल्ला तिच्याकडेच आहे. अजून कोमट आहे.