तिसरा आग्रह

संग्रामला दारूचं नाही, पत्त्यांचं नाही, आग्रहाचं व्यसन होतं. नागपूरचा माणूस. दारात आलेला उपाशी परत गेला तर याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सनीव्हेलच्या त्या एवढ्याशा अपार्टमेंटमध्ये दर रविवारी कोणी ना कोणी जेवायला असायचंच. ऑफिसातला नवा पोरगा, त्या पोराचा रूममेट, आणि एकदा तर इंटरनेट दुरुस्त करायला आलेला माणूस वरणभात खाऊन, वर लोणचं बांधून घेऊन गेला.

रेणू पुण्याची. पाहुण्यांचं तिला वावडं नव्हतं, पण पोळ्या लाटून तिचे हात भरून यायचे आणि नवऱ्याशी चार वाक्यं निवांत बोलायला मिळायची नाहीत. त्यातच तिला विमानानं चार तासांवरच्या शॉमबर्गच्या एका कंपनीचं नोकरीचं बोलावणं आलं. तिची बहीण अहिल्या तिथेच राहते. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. शनिवारी ती शांतपणे म्हणाली, "उद्याचा एक दिवस फक्त आपण दोघं. सकाळपासून झोपेपर्यंत एकही पाहुणा नको. जमलं तर मी त्यांना नाही म्हणून कळवते. नाही जमलं तर मी जाते, तू बस पंगती वाढत."

ओरडली असती तर संग्राम घाबरला नसता. शांत होती, म्हणून घाबरला. रेणूशिवाय त्या घरात आपण कसे राहू, हा विचारही त्याला करवेना. त्यानं हायकिंग सुचवलं. डोंगरावर बोलावून बोलावून बोलावणार कोणाला?

तर रविवारी सकाळी मेथीचे पराठे, ठेचा आणि दही डब्यात भरून दोघं निघाले. शहरापासून अर्ध्या तासावर डोंगराची लांबलचक धार आहे. झाडं नावाला. सगळीकडे कमरेएवढी खरखरीत झुडपं, इथले लोक त्याला चॅपरल म्हणतात. पायथ्याशी मोठी पाटी होती. साप दिसला तर काय करा, पहाडी सिंह दिसला तर काय करा, अंगाला खाज आणणारी वेल कशी ओळखा, सगळं चित्रांसकट लिहिलं होतं. बाकी कशाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

उन्हं चढली तसा झुडपांतून ओवा भाजल्यासारखा वास यायला लागला. रेणू खूश होती. बऱ्याच दिवसांनी ती काहीतरी गुणगुणत चालली होती, आणि संग्राम तिच्या मागून स्वतःच्या जिभेवर पहारा ठेवत. समोरून येणाऱ्या माणसांना तो नुसती मान हलवायचा आणि पटकन झुडपांकडे बघायचा.

बाराच्या सुमारास त्याचा गुडघा कुरकुरला. वाटेत लाकडी बाक होतं. रेणू म्हणाली, "तू बस, मी त्या वळणावरून व्हॅलीचे फोटो काढून येते." ती दिसेनाशी झाली. संग्रामनं डबा उघडला, आणि बघतो तर शेजारी एक काका बसलेले.

कधी आले, कळलं नाही. अंगात हातानं विणलेला तपकिरी स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायांत धुळीनं लाल झालेले पांढरे कॅनव्हासचे बूट. आता भर उन्हात स्वेटर पाहून कोणी म्हणेल, याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील इथे जुलैतही असेच हिंडतात, कोणालाही विचारा. शिवाय पाय सरळ होते. संग्राम हे नंतर पुन्हा पुन्हा सांगायचा, मी पाय बघितले होते म्हणून.

"मराठी का हो?" त्यानं विचारलं.

"हो… अरुण." आवाज फार लांबून आल्यासारखा होता.

"मुलाकडे आलात?"

"आलो होतो… पुष्कळ वर्षं झाली."

ग्रीन कार्ड झालेलं दिसतंय, संग्रामनं मनात नोंद केली. "जेवलात का काका?"

"नाही… पुष्कळ वर्षं झाली."

संग्रामला ते विनोदी वाटलं. त्यानं पराठ्याचा अर्धा तुकडा पुढे केला. काकांनी हात लावला नाही.

"इथलं मला चालत नाही."

"डायबिटीस?"

"तसंच काहीतरी."

इथे थांबायचं होतं. पण समोर उपाशी म्हातारा माणूस, हातात डबा. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. "मग घरी या ना एकदा," तो म्हणून गेला.

"नको," काका हळूच म्हणाले. "मला आग्रह करू नका."

आता मला सांगा, आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोणी विचारतं का? आग्रह करू नका म्हणजे करा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. संग्रामला तर चेवच आला. "अहो काका, लाजता काय? चांगलं जेवायला घालतो."

झुडपांतले किडे एकदम किरकिरायचे थांबले. वारा पडला. ओव्याच्या वासाच्या जागी विझलेल्या, भिजलेल्या राखेचा वास आला. काकांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड वळवलं.

"खरंच नको… तिसऱ्यांदा म्हणालात तर मला यावं लागतं. आमच्यात तसा नियम आहे."

"आमच्यातही तोच आहे," संग्राम हसून म्हणाला. "आजच या. आणि एकटे येऊ नका, मंडळींना घेऊन या."

काकांनी मोठा सुस्कारा सोडला. मग ते धारेवरून लांबवर बघत राहिले. पुढे थोड्या थोड्या अंतरावर अशीच बाकं होती, सगळी रिकामी.

"सगळ्यांना…?"

"सगळ्यांना."

तेवढ्यात वळणावरून रेणूनं हाक मारली. संग्राम तिकडे वळला. परत बघतो तर शेजारी कोणी नाही, आणि हातातला पराठा फ्रीझरमधून काढल्यासारखा गार.

"कोणाशी बोलत होतास?" रेणू जवळ येत म्हणाली.

"फोनवर. ऑफिसचा होता."

"इथे रेंज नाहीये." तिनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण मग तिचं लक्ष बाकाच्या पाठीवरच्या पितळी पट्टीकडे गेलं. "अरे, हे बघ. अरुण नावाच्या कोणा आपल्या माणसाच्या स्मरणार्थ आहे हे. त्यांना ही जागा फार आवडायची म्हणे. इथे सगळ्याच बाकांवर अशी गेलेल्यांची नावं आहेत, मी येताना वाचली."

संग्रामच्या अंगावर सर्रकन काटा आला. भुताला बोलावलं हे सांगायचं, म्हणजे पाहुणा बोलावला हे कबूल करायचं. भुताची भीती होतीच. पण रेणू बॅग भरून निघून जाईल ही भीती त्याहून मोठी होती, म्हणून त्यानं गार पराठा तसाच खाल्ला.

परतताना गाडी सुरू झाली आणि मागचा सीटबेल्ट लावा म्हणून टुंग टुंग वाजायला लागलं.

"मागे बॅग ठेवलीस का?" रेणूनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. बॅग डिकीत होती. त्यानं उतरून रिकाम्या सीटचा पट्टा लावला, तर शेजारच्या सीटचं वाजू लागलं. तोही लावला. मग तिसरा. राखेचा वास आत भरला होता, रेणूनं काच खाली केली.

हायवेवर रेंज आली तशी तिनं फोन काढला, बराच वेळ टाइप केलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "कळवलं त्यांना. नाही जात मी. आज खरंच आपण दोघंच होतो रे."

संग्रामचे डोळे भरून आले. तिला वाटलं आनंदानं. आनंद होताच, पण त्याची नजर आरशावर होती. आरशात तिन्ही पट्टे पोटांवरून फुगीर ताणलेले होते.

घरी आल्यावर त्यानं दार लावलं, वरची कडी घातली, खिडक्यांचे पडदे ओढले. ऊन अजून होतं. थोड्या वेळानं रेणू कचरा टाकायला म्हणून दार उघडून उभी राहिली, ती उभीच राहिली.

"संग्राम. कोणाला बोलावलंयस?"

त्याला पूर्ण खोटं बोलवेना. "एकाच काकांना… देवाशपथ, एकाच."

"मग बाहेर बुटांचे सात जोड का आहेत?"

त्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं. पायपुसण्याशेजारी बूट रांगेत मांडलेले होते, मराठी घरी आल्यावर मांडावेत तसे. पांढरे कॅनव्हासचे. बाईचे टाचांचे सँडल. घोडेस्वाराचे जाडजूड, टाचेला लोखंडी काटेरी चक्र लावलेले. सगळ्यांवर लाल धूळ. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं.

मागे, बैठकीच्या खोलीत, सोफा करकरला. मग खुर्च्या. मग तो लांबून येणारा आवाज.

"आमच्यासाठी काही करू नका हं… पाणी घेतलं की निघतो आम्ही."

म्हातारा सज्जन होता, सुटका करून देत होता. रेणूनं संग्रामचा दंड घट्ट पकडला. "बोलू नकोस," ती कुजबुजली. "तुझ्या पाया पडते… एक शब्द बोलू नकोस."

संग्रामनं ओठ घट्ट मिटले. मनापासून मिटले, त्याच्यावर तेवढा विश्वास ठेवा. पण आपल्या घरातून माणसं नुसतं पाणी पिऊन निघाली आहेत, हे काही त्याला सोसेना.

"असं कसं," तो म्हणाला, "जेवूनच जा."

रेणूनं त्याचा दंड सोडला आणि शॉमबर्गला फोन लावायला आत गेली. बाहेर, उघड्या दाराशी, कोणीतरी घाईघाईनं आठवा जोड काढायला लागलं.