तेलगिरणीच्या हौदातले पाणी

भूमच्या तेलगिरणीत इंजिन गार ठेवणारे पाणी विहिरीतून हौदात, हौदातून इंजिनाच्या पोकळ भिंतींत आणि तिथून तापून पुन्हा हौदात येई. हे गरम पाणी गल्लीतल्या बायका सकाळी आंघोळीला नेत. १९५९च्या जानेवारीत मालक गुरुसिद्धप्पांनी त्याला मनाई केली. इंजिनचालक चाँदपाशाची आई सकिनाबी, तिलाही रिकाम्या घागरीने परत पाठवले. आठवड्याभरात इंजिन तापू लागले आणि हौदातले पाणी खारट निघाले. गुरुसिद्धप्पांनी निकाल देऊन टाकला: आईच्या अपमानापायी चाँदपाशाने मीठ ओतले. त्याला कामावरून काढून फौजदाराच्या हवाली करायचे, एवढेच उरले होते. त्यासाठी सरकारी तपासनिसाचा कागद हवा होता.

तपासनीस भीमाशंकर कोरे हैदराबादेस रसायनशास्त्र शिकलेला. निकाल आधी आणि तपास मागून, या पद्धतीची त्याला मनस्वी चीड होती.

“मीठ किती टाकलं म्हणता?” त्याने विचारले.

“असंल पोतंभर,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

“हौदात पाणी किती मावतं?”

“ते कशाला मोजायचं, साहेब? चोर समोर उभा हाय.”

“पोतंभर मीठ म्या आणलं असतं,” चाँदपाशा म्हणाला, “तर अम्मीनं आधी लोणचं घातलं असतं, साहेब.”

भीमाशंकरला हसू आले नाही. पण मुद्दा त्याला पटला.

इंजिन मूळचे जहाजावरचे, युद्धानंतर मुंबईच्या लिलावात घेतलेले. भिंतींत समुद्राचे जुने मीठ साठले असावे, असे त्याने धरले. बाजूची झाकणे उघडून आतले पांढरे कीट स्वतः खरवडले, लोखंड उघडे पाडले. हौद रिकामा करून विहिरीच्या पाण्याने भरला. त्या पाण्यात मीठ असल्यास ते पांढरे करणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तेव्हा ते जेमतेम धुरकट झाले. मग हौदावर फळ्या ठोकून त्याने लाखेची मोहोर लावली. चाँदपाशाला समोरच्या बाकावर बसवून इंजिन स्वतः चालवले.

तीन तासांनी हौदाच्या तोटीतून काढलेले पाणी परीक्षानळीत दह्यासारखे घट्ट पांढरे झाले.

मोहोर शाबूत होती.

भीमाशंकरला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. त्याने रसायन बदलले, नळ्या उकळून घेतल्या. उत्तर तेच आले.

फळ्यांच्या फटीतून त्याने मोजपट्टी सोडली. सकाळी सव्वादहाला पाणी चार बोटे चढले, दुपारी उतरले. विहिरीची नळी तर त्याने बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ते अकरा वाजून पाच मिनिटांनी चढले. तिसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना. रोज पन्नास मिनिटांचा उशीर. भरती-ओहोटीची ही चाल तो कॉलेजात शिकला होता. समुद्र तिथून पावणेदोनशे मैलांवर होता.

“समुद्र कसा असतो, साहेब?” चाँदपाशाने विचारले. “म्या न्हाय पाहिला.”

“मोठा,” भीमाशंकर तुटकपणे म्हणाला.

त्याने कागदावर लिहिले: चालक सर्वस्वी निर्दोष. खाली सही केली.

“आन् कारण?” गुरुसिद्धप्पांनी कागद वाचून परत पुढे सरकवला. “कारण न्हाय, तर आमी ह्यालाच धरणार. फौजदार दुपारी येतो.”

“तीन दिवस हा माणूस बाकावरून हललेला नाही!” भीमाशंकरचा आवाज चढला. “तुम्हाला कारण नकोय, माणूस हवाय.”

“तर मंग दाखवा ना आत काय हाय ते.”

त्याने इंजिन थांबवले, पाणी सोडून दिले, पाना घेतला. लोखंडाला हात लावला तर पोळत होते. चाँदपाशाने पोत्याच्या तुकड्याने झाकण धरले आणि दोघांनी ते उतरवले.

तीन दिवसांपूर्वी खरवडून उघड्या पाडलेल्या भिंतीवर, समुद्रातल्या खडकांवर असतात तशी नखाएवढी पांढरी कवचे दाटीने चिकटली होती. प्रत्येकाच्या तोंडातून पिसासारखे काही बाहेर येत होते, आत जात होते.

गुरुसिद्धप्पांनी वाकून पाहिले. मग त्यांनी कोटाच्या खिशातला तक्रारीचा कागद काढून फाडला. चाँदपाशाकडे न पाहताच ते म्हणाले, “आईला सांग, पाणी नेऊ नको म्हणावं.”

ते गेले. भीमाशंकरने आत हात घातला. त्याची सावली पडताच सारी कवचे एकदम मिटली.

त्याने हात मागे घेतला. थोड्या वेळाने ती एकेक करून पुन्हा उघडू लागली.