फूटपट्टी आणि उंट

“हात वर करा.”

“एवढाच जातो.”

“अजून थोडा…”

“मॅडम, हा खांदा आहे, हँडपंप नव्हे!”

ती हसली नाही. फिजिओथेरपीच्या खोलीत पेशंटसमोर हसायचं नाही, हा तिचा तिनेच केलेला नियम होता, आणि नियम तिला जेवणाइतकेच लागत. समोरचा माणूस मात्र कळ येत असूनही हसत होता. तिशीतला, दोन दिवसांची दाढी, केस बहुधा बोटांनीच विंचरलेले. उजवा खांदा पार जखडलेला.

“दिवसभर काय करता?”

“प्रोग्रॅम लिहितो.”

“आणि उरलेला वेळ?”

“भांडतो. टाइप करून.”

“मग महिनाभर ते बंद.”

“ती सोय आधीच झालीय. महिन्यासाठी हाकललंय मला.” त्याने डाव्या हाताने भिंतीवरचा व्यायामाचा तक्ता दाखवला. “हा तक्ता ज्या प्रोग्रॅममधून छापलाय ना, त्याच्याच चर्चामंचावरून. तिथे मला उंट म्हणतात.”

त्याचा हात तिच्या हातातून सुटता सुटता राहिला. कारण उंटाला हाकलणारी तीच होती!

त्याचं असं झालं होतं. तक्ते बनवायचा तो प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. ठिकठिकाणचे हौशी लोक तो फुकट लिहीत, दवाखाने फुकट वापरत, आणि त्याचं बरंवाईट सगळे मिळून एका मंचावर ठरवत. ती तिथली मॉडरेटर. म्हणजे भांडणं आवरणारी. टोपणनाव फूटपट्टी. एके दिवशी एका सभासदाने ‘जतन करा’चं हिरवं बटण जांभळं केलं. निवडणूक तोंडावर आलेली, आणि जांभळा नेमका एका पक्षाचा रंग! झालं. अर्धे म्हणाले, हा छुपा प्रचार आहे. अर्धे म्हणाले, डोळे तपासून घ्या. चार दिवसांत सहाशे संदेश. दोन्ही बाजू वेगळी चूल मांडायला निघाल्या, आणि तसं झालं असतं तर प्रोग्रॅमला वालीच उरला नसता. त्यात उंटाने लिहिलं, ‘फूटपट्टीबाई निवडून निवडून हिरव्यांचेच संदेश उडवतात. घरी जांभळा झेंडा असणार.’

आता पंचाईत अशी, की घरी झेंडा होता. बाबांचा. आणि आई त्या पक्षाचं नाव काढलं तरी भांडी आपटायची. दोघांच्या मध्ये बसून वाढलेली ही मुलगी सहाव्या वर्षापासून मॉडरेटरच होती. आपण कुणाचीच बाजू घेत नाही, याचा तिला केवढा अभिमान! उंटाची ओळ जिव्हारी लागली, आणि एका झटक्यात तिने त्याला बाहेर काढलं.

“ही फूटपट्टी दिसत कशी असेल हो?” दुसऱ्या बैठकीला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“साठीची. निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कुणी कधी लाडाने हाक मारली नसेल बिचारीला… आई गं!”

“दुखलं?”

“मॅडम, हात जरा जास्तच पिळलात का?”

“छे. नियमाप्रमाणेच.”

बैठका होत गेल्या. दुपारचं ऊन खिडकीतून आत यायचं, मलमाचा उग्र वास दरवळायचा, आणि तो तिला हसवायचे नवे नवे प्रयत्न करायचा. सहाव्या दिवशी ती हसली. त्याने लगेच घड्याळात पाहिलं. “तीन वाजून बारा मिनिटं. लिहून ठेवतो.” त्याचा खांदा दिवसागणिक सुटत चालला होता… आणि ती अडकत चालली होती.

एकदा तो व्यायाम करता करता थांबला. “काढल्याबद्दल मी अपील केलंय खरं, पण तिला तसं बोलायला नको होतं. वाद घालावा, पण समोरच्याच्या घरात शिरू नये.”

“मग अपील कशाला केलंत?”

“ताकीद न देता काढलं मला. आधी तीन द्यायच्या असतात. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर सोडून दिलं असतं, पण तिने?” त्याचा आवाज उतरला. “तिथे नियमाने वागणारी ती एकटीच होती हो.”

तिने टॉवेलाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

“सांगून टाक ना त्याला!” घरी धाकटी बहीण म्हणाली.

“पेशंट आहे तो माझा.”

“कधीपर्यंत?”

“गुरुवारपर्यंत.”

“मग गुरुवारी सांग.”

गुरुवारी तिने तीनदा तोंड उघडलं. तोही दाराशी घुटमळला. “बरं मग… येतो.”

“व्यायाम चालू ठेवा,” ती म्हणाली, आणि तो गेल्यावर स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

शुक्रवारी सकाळी तिच्यासह तीन मॉडरेटर अपिलावर मत देणार होते. शिक्षा महिन्याचीच, पण मंचाच्या नियमाप्रमाणे अपील फेटाळलं तर उंट कायमचा बाहेर. आणि नियम असा, की वादातल्या कुणाशी संबंध असेल तर मॉडरेटरने तो सर्वांसमोर जाहीर करायचा. नातेवाईक? नाही. सहकारी? नाही. उरलं ‘इतर – खुलासा करा’.

तिने पाणी प्यायलं आणि खुलासा केला.

‘या सभासदाला मी एकही ताकीद न देता काढलं. मला राग आला होता. चूक माझी, मी माफी मागते. आमच्या घरी झेंडा आहे, पण तो बाबांचा. आणखी एक. तीन आठवडे मी या सभासदाला प्रत्यक्ष ओळखते. मी कोण, हे त्याला ठाऊक नाही. माझे त्याच्यावरचे उपचार काल संपले. आज तो येणार नाही, म्हणून मला सकाळपासून काही सुचत नाहीये. तेव्हा मी निःपक्षपाती राहिलेले नाही. मत देणार नाही.’

पाठवलं, आणि फोन टॉवेलांच्या कपाटात कोंबला.

दुपारी भीत भीत काढला. तीनशे संदेश, आणि बटणाबद्दल एकही नाही! हिरवे, जांभळे, सगळे तिला धीर देत होते. ‘तो कुणाला मत देतो ते आधी विचारून घ्या,’ असं तेवढं एकाने बजावलं होतं. सगळ्यांचं मन जरा मऊ झालेलं पाहून बटणवाल्याने हळूच सुचवलं, रंग ज्याचा त्याने निवडावा. कुणीच हरकत घेतली नाही. बाकीच्या दोघा मॉडरेटरांनी अपील मान्य केलं होतं, आणि उंटाचं निलंबनही संध्याकाळी पाचपासून उठणार होतं.

तीन वाजता दार ढकलून तो आत आला. धापा टाकत.

“उत्तर लिहिणार होतो. पण पाचपर्यंत मला तोंड उघडता येत नाही… तुमच्याच कृपेने.”

“रागावलात?”

“हो! तीन आठवडे मी तुमच्यासमोर तुम्हालाच नावं ठेवतोय, आणि तुम्ही—”

“एकदा पिळला होता ना हात.”

तो हसू दाबत होता. ते त्याला कधीच जमायचं नाही. “खरंच सुचत नव्हतं… सकाळपासून?”

“जाहीर निवेदनात मी खोटं लिहीत नाही.”

“मलाही नाही सुचलं. घरी बसून भिंतीवर बोटं चढवत होतो. व्यायामाची वेळ नसतानाही.” तो जवळ आला. “पण आपण भांडणार, बरं का. मी गप्प बसणारा नाही.”

“भांडू.”

“मग आवरणार कोण?”

“मला विचारू नका,” ती म्हणाली. नजर हटली नाही. “मी आता एका बाजूची आहे.”

त्याने तिचा हात हातात घेतला… आणि बराच वेळ सोडलाच नाही.

दारापाशी गुडघेदुखीवाल्या एक काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांनी खाकरून घेतलं. ती दचकली, लाजली आणि घाईघाईने त्यांना आधार द्यायला धावली. काकू उठल्या, आणि आपली उबदार झालेली जागा त्याला दाखवत म्हणाल्या, “बसा इथे. मला अर्धा तास लागेल. मग घेऊन जा तिला.”