चुन्याचं पाणी

कांदा थेट माझ्या घागरीत पडला. डुबुक! तोंडावर पाणी उडालं. वैशाखाच्या त्या उन्हात ते खरं तर बरंच वाटलं, पण तसं कबूल कोण करणार? मी मान वर केली. बांबूंच्या परांचीवर एक गवंडी उभा होता, मुंडासं अर्धं सुटलेलं, हातात थापी.

"अहो गवंडी, हौद बांधताय की भाजी फोडणीला टाकताय?"

"मुंडाशात ठेवला हुता..." तो वरूनच म्हणाला. "ऊन लागू नये म्हणून."

"आणि आता माझ्या पाण्याला कांद्याचा वास लागला, त्याचं काय?"

"मारा की भिंतीला. भिंतीला बी ऊन लागतंयच."

हसायचं नाही असं ठरवलं होतं मी. नवरा जाऊन दोन उन्हाळे झालेल्या बाईनं परक्या गवंड्याच्या बोलण्यावर चारचौघांत हसू नये, एवढं मला कळत होतं. पण हसू काय विचारून येतं? आलं. आणि मागून सासूबाईंचा खाकरा ऐकू आला.

"झालं असेल हसून," तुळजाबाई म्हणाल्या, "तर घागर रिकामी करा. मुठा काही इथवर चालत येणार नाही."

श्रीमंत नानासाहेबांचे दिवस होते. पुण्यात जिकडे पाहावं तिकडे चुना, विटा, दगड. शनिवार पेठेत एका सरदारांच्या वाड्यामागे लोकांसाठी हौद बांधायला काढला होता आणि त्याच्या कामावर आम्ही सासूसुना पाणी वाहत होतो. नदी आटलेली. वाळूत झरे खणायचे, पाणी साचेपर्यंत बसायचं, नारळाच्या करवंटीनं घागर भरायची आणि चढ चढून हौदाशी यायचं. पायाखालची वाट अशी तापायची की आम्ही पळसाची पानं पायाला बांधायचो.

हे पाणी पिण्यासाठी नव्हतं बरं का. चुना उन्हात भराभर सुकला की तडकतो. म्हणून ताज्या गिलाव्यावर ओली तरटं टांगायची आणि ती दिवसभर सुकू द्यायची नाहीत. मुकादम हिंदुराव रोज सकाळी बजावायचे, "चुन्याचं पाणी चुन्याला. तहान लागली तर दुपारच्या सुटीत पाणपोईवर जा." माणूस दुष्ट नव्हता. वरून त्यांनाही कुणी तेच बजावत असणार.

गवंड्याचं नाव गेनबा. सासवडकडचा. कांद्यानंतर तो रोज काही ना काही बोलायचाच. घागर वर द्यायला हात उंचावला की अलगद घ्यायचा, बोटाला बोट लागू न देता. मग मात्र असा बघायचा... मी पदर नीट असूनही पुन्हा सारखा करायची.

"आज उशीर झाला?"

"झऱ्याला पाणी नाही. नदीला सांगून ठेवा तुम्ही, तुमचं ऐकते का पाहू."

"माझं कोन ऐकतंय! तुमीबी न्हाई ऐकत."

"काय ऐकायचं राहिलं माझं?"

"सांगीन..." तो थापीनं चुना सारखा करत म्हणाला. "सावलीत सांगीन."

सावली म्हणजे चिंचेची. दुपारी काम थांबलं की सगळे तिथेच आडवे व्हायचे. त्या दिवशी तुळजाबाई पाणपोईवर गेल्या होत्या. गेनबा आला, हातभर अंतर ठेवून बसला. गवताची काडी मोडू लागला.

"मथुरा..." पहिल्यांदाच त्यानं 'बाई' गाळलं. "पाट लावशील का माझ्यासंगं?"

मला तहान लागली होती, ती एकदम जास्तच लागली. आमच्यात विधवेला पाट लावता येतो. सासूचा होकार लागतो. पण पाट लागला की पहिल्या घराशी संबंध तुटला, तो कायमचा. त्या घराचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही.

"आत्याबाईंना माझ्याशिवाय कुणी नाही," मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

"ते म्या बघतोयच की."

"तुम्हाला सगळं माहीत नाही." आणि मी सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं. माझा नवरा चुना दळायच्या घाण्यावर कामाला होता. असाच वैशाख, अशीच दुपार. चालता चालता पडला. रांजण दोन हातांवर, काठोकाठ भरलेला. पण ते चुन्याचं पाणी! कुणी हात लावेना. एक जण मुकादमाला विचारायला धावला. तो विचारून परत आला तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं. "ज्या बाईचा लेक असा गेला, तिला मी सोडून जाऊ? मला... मला तुम्ही आवडता. खोटं कशाला बोलू? पण ते माझ्याच्यानं होणार नाही."

गेनबानं काडी टाकून दिली. "बरं," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. त्याची पाठ बघत मी रडले. मनसोक्त रडले, चिंचेच्या खोडाकडे तोंड करून.

त्यानंतर तो घागर घ्यायचा, रिकामी परत द्यायचा, बोलायचा नाही. मस्करी करणाऱ्या माणसानं गप्प बसावं यासारखा जाच नाही.

हौदाच्या आतल्या अंगाचा शेवटचा गिलावा त्यानं केला तो दिवस तर नुसता आगीचा होता. पहाटेपासून गारेच्या गोट्यानं घोटून घोटून त्यानं भिंत अशी गुळगुळीत केली होती की हिंदुरावसुद्धा "वा!" म्हणाले. तरटं चढवली. सांजेपर्यंत ती ओली राहिली की काम फत्ते. पण झरे कोरडे पडत चालले होते. एकेका घागरीसाठी ताटकळत बसावं लागत होतं. म्हणून हिंदुरावांनी दुपारची सुटीही दिली नाही.

मी पुढे होते, तुळजाबाई मागे. हौदाशी पोचले आणि मागे घागर फुटल्याचा आवाज आला.

त्या पालथ्या पडल्या होत्या. मी धावले. अंग नुसतं तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. "आत्याबाई! अहो आत्याबाई!" माझी घागर मी त्यांच्या डोक्यावर ओतली. पाणी तापलेल्या मातीनं पिऊन टाकलं. भोवती माणसं जमली आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या, मुकादमाकडे.

गेनबा तिकडे वळलाच नाही. परांचीवरून त्यानं उडी टाकली ती हौदात. स्वतःच्या भिंतीवरची ओली तरटं त्यानं ओरबाडून काढली, एक, दुसरं, हाताला येईल ते. आणून तुळजाबाईंना गुंडाळलं. मग तरटांसाठी पाणी साठवलेला रांजण उचलला.

"गेनबा, भिंत!" हिंदुराव ओरडले. "अरे भिंत जाईल!"

"जाऊ द्या! भिंत म्या परत लिंपीन. मावशीला कोन लिंपनार?"

सगळा रांजण त्यानं त्यांच्यावर रिता केला. किती वेळानं तुळजाबाईंनी डोळे उघडले कोण जाणे. मला तर जन्म गेल्यासारखा वाटला.

सांजेला भिंतीवर बारीक रेघ दिसली. मग दुसरी. मग जाळंच. गवंड्यांत रीत आहे, आपल्या हातानं आपला गिलावा नासवला की मुकादम थापी काढून घेतो आणि मग त्या मोसमात पेठेत कुणी त्या माणसाला परांचीवर चढू देत नाही. हिंदुरावांनी मान दुसरीकडे वळवून हात पुढे केला. गेनबानं थापी दिली.

रात्री तो आमच्या खोपटात आला तो निरोप घ्यायला. तुळजाबाई घोंगडीवर पडल्या होत्या, मी त्यांना चमच्यानं पन्हं पाजत होते.

"सासवडला जातो. चुलत्याकडं काम हाय. थापी बी दील तो." माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "मावशीस्नी जपा."

"थांब रे," तुळजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेलेला. "माझा लेक पडला तेव्हा सगळे मुकादमाचं तोंड बघत होते. माझंही तोंड तिकडेच होतं." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "तू नाही बघितलंस."

गेनबा दाराकडे वळला होता, तो परत फिरून खाली बसला.

"हिला विचारलंस म्हणे. मला का नाही विचारलंस? होकार माझा लागतो ना?"

मी चमचा खाली ठेवला. चिंचेखालचं यांना कुणी सांगितलं? पण आता लाजून कसं चालेल? "आत्याबाई, मला हे हवे आहेत," मी म्हटलं. "पण तुम्हाला सोडून नाही."

"सोडून कशाला?" गेनबा म्हणाला. "दोघी चला की."

"पाट हिच्याशी लावतोस का माझ्याशी?" तुळजाबाई म्हणाल्या. आता त्यांचा नेहमीचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. "सुनेच्या पाटाला सासू पाठराखीण! अख्खी पेठ हसेल."

"हसू दे पेठेला."

"आणि पाट लागला की ही माझी सून राहत नाही. मग तुझ्या दारात मी बसायचं ते कोण म्हणून?"

रीत मोडायची तर तिला काय नाव द्यायचं हे कुणाला ठाऊक असतं? "कोण ते सासवडला गेल्यावर ठरवू," मी म्हटलं. "आधी पन्हं संपवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पन्ह्याचा वाडगा माझ्या हातातून स्वतःच घेतला आणि तोंडाला लावून रिकामा केला.

"उद्याचा दिवस मला पडू दे," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "आणि परवा निघायचं तर उजाडायच्या आत निघायचं, सांगून ठेवते. दिवेघाट काही मी उन्हात चढणार नाही."