टेकचंदचा आवाज

अठ्ठ्याहत्तर सालचं धान घरात आलं होतं. अड्याळचा डोमा भंडाऱ्याहून आणलेली औषधाची बाटली द्यायला दुपारी रुखमाच्या घरी निघाला. हा डोमा दंडारीतला, गावच्या नाच-सोंगाच्या खेळातला, नकल्या. पाटलाचा खोकला काढावा यानं, मास्तरचं नाकातलं बोलणं काढावं यानं. तिसरीत शाळा सोडली, पण मास्तरला काही सोडलं नाही.

रुखमाचा नवरा टेकचंद त्याचा जिगरी. बैलबंडी उलटून डोक्यावर पडला, तेव्हापासून खाटेवर निपचित. डॉक्टर म्हणाला होता, "श्वास आहे, पण मेंदू गेला. आत आता कोणी नाही."

या गाढवाला तिथंही खोडी सुचली. बांबूच्या तट्ट्याआडून त्यानं टेकचंदच्या आवाजात हाक मारली, "रुखमे, पानी आन."

हातातलं सूप टाकून रुखमा धावली. नवऱ्याच्या ओठांशी लोटा धरून रडत राहिली, हसत राहिली... डोमा बाटली दारात ठेवून परतला. खरं सांगायला जीभ उचलेना. मग रोज यायचं, तट्ट्याआडून एक हाक मारायची, अन् चोरासारखं निघून जायचं. हाक थांबवली तर तिचा नवरा पुन्हा मरणार, अन् मारणारा डोमा.

आठव्या दिवशी भंडाऱ्याला जाणं झालं, तेवढी हाक चुकली. नवव्या दिवशी शरम सोसेना. तो आत जाऊन मान खाली घालून बसला. एरंडेलाचा अन् शेणाचा वास दाटला होता. भर दुपारी घरात काळोखल्यासारखं वाटत होतं.

"वहिनी... ते हाक मीच..."

"ठावं हाये, डोमाभाऊ," रुखमा हळूच म्हणाली. "पयल्याच दिवशी समजलं. त्याहिचे ओठ कुठं हालले?"

"मंग बोलल्या काहून नाही?"

"आवाज त ऐकाले भेटे..." ती थांबली. "पन काल तुमी भंडाऱ्याले गेले होते न? तरी हाक आली. म्हने, डॉक्टरले सांगजो, मी हावो. मले राहाले जागा भेटली."

"कुठं?"

रुखमानं त्याच्या ओठांकडं पाहिलं.

'माफ करा, वहिनी,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "रुखमे, भेऊ नको."

हा आवाज त्यानं काढला नव्हता.

रुखमानं पदर डोक्यावर ओढला. लोटा भरला, खाटेपाशी न थांबता पुढं आली अन् तो डोमासमोर ठेवला.

"घ्या जी."

उन्हाळ्यात खाटेवरचा श्वासही थांबला. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे ठरलेलंच. रुखमानं त्या दुपारपासून डोमाचं नाव कधी घेतलं नाही. टेकचंदचं मात्र ती खुशाल घेत असे.