वाकडा बेतलेला कोट

शिंपी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडला होता. गळ्यात टेप, आणि जाकिटाचं बटण भलत्याच काजात. यमाचंसुद्धा माप बिनचूक घेईल अशी ज्याची ख्याती, तो माणूस! फौजदारांची भुवई वर गेली.

"दिरानंच ढकललं," शिंप्याची बायको म्हणाली. "काल जेवताना दोघांची हमरीतुमरी झाली. घरात आम्ही तिघंच."

"वहिनी, काहीतरीच काय!" धाकटा भाऊ रडकुंडीला आला. दारात शिपाई बेडी घेऊन उभाच होता.

"भांडण कशावरून?"

"कशावरून काय साहेब! दादाचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. म्हणे, सूप रोज कडू लागतं."

"तुला लागलं?"

"मला नाही."

फौजदार जिन्यालगतच्या दुकानात शिरले. टेबलावर कापड कापून पडलं होतं. कात्री अशी भरकटली होती की तो कोट फक्त उंटालाच बसावा.

"हे कुणी कापलं?"

"काल दुकान बंद केलं तेव्हा अखंड होतं. आणि दादाच्या कात्रीला हात लावायची कुणाची छाती?"

फौजदारांनी परत येऊन प्रेताचं जाकीट चाचपलं. अस्तराला एका जागी टाक्यांऐवजी टिचबटण होतं. आत झोपेच्या गोळ्यांचं पाकीट. एकच गोळी कमी.

"बाई, हे घेत होते?"

"हे? छे! झोप नव्हती, पण गोळीचं नाव काढलं की अंगावर यायचे. गोळ्या मला दिल्यात डॉक्टरांनी." तिनं आपलं पाकीट दाखवलं. जवळजवळ रिकामं.

"रोज गोळी घेता, आणि डोळे असे लाल?"

तिनं पाकीट पदराआड केलं.

"तुमची गोळी तुम्ही त्यांच्या सुपात कुटून घालत होता."

"एकीनं भागेना," ती पुटपुटली. "काल दोन घातल्या."

"आणि काल त्यांनीही डॉक्टरांकडून गुपचूप आणलेली पहिली गोळी घेतली. दुसरं काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं असेल, तर बिचारे खरं वाटून नाहीच म्हणाले असणार. एवढ्या गुंगीत माणूस उठतो, कपडे चढवतो, कापडसुद्धा कापतो. फक्त जागा नसतो. दुकानातून वर जाताना पाय चुकला. ढकललं कुणीच नाही."

"म्हणजे मीच?"

फौजदारांनी मान खाली घातली. भावानं चपला पायांत सरकवल्या आणि वहिनीकडे न बघता निघून गेला.

"साहेब, माझं पाकीट तेवढं मला राहू द्या. आता मला झोप कशी लागायची?"

फौजदारांनी दोन्ही पाकिटं खिशात टाकली.

तिनं कोटाचे तुकडे एकमेकांना लावून पाहिले. फिरवून पुन्हा लावले. जुळेनात.