पूजेतला कीबोर्ड

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. लावा पैज.

पण घडलंय ते खरं. गेल्या वर्षीची महानवमी, दुपारचे तीन, आमच्या पुत्तनकडवूच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस. जिच्यासोबत घडलं ती रजिता, मला अम्मावन म्हणजे मामा म्हणणारी, इथंच, चहाच्या टपरीवर, कोपऱ्यातल्या बाकावर बसलीय. विचारा तिला.

हसतेय. हसू दे.

तर रजिताचं काम एवढंच... समुद्राकडे लक्ष ठेवायचं. खोल पाण्यातला तरंगता बोया दर पंधरा मिनिटांनी लाटांचा आकडा पाठवतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम तो वाचतो. आकडा चढला की सगळ्या होड्यांच्या मोबाइलवर इशारा जातो. आमचा समुद्र दगाबाज. वारा नाही, ढग नाही, आणि अचानक फुगून घरात शिरतो. आम्ही त्याला चोर समुद्रच म्हणतो.

तो प्रोग्रॅम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला पुष्करन माशांनी. शाळेतले गणिताचे मास्तर; मास्तरांना आम्ही माश म्हणतो. त्या नवमीच्या आधीच्या पावसाळ्यात वारले.

माशांचा एक नेम होता. दुर्गाष्टमीला संध्याकाळी कीबोर्ड काढायचा, लाल रेशमात गुंडाळायचा आणि मागच्या खोलीत देवीपुढे ठेवायचा. मुलांची पुस्तकं, सुताराची करवत, सगळं तिथंच. विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. होड्याही किनाऱ्यावरच.

पण गेल्या वर्षी नवमीलाच तारली मासळी आली. ढीगभर. कोण घरी बसतो? होड्या गेल्या. रजिताचा धाकटा भाऊ सुधीशही गेला.

मग रजितानं युक्ती केली. माशांचा जुना कीबोर्ड रेशमात बांधून पूजेत ठेवला, आणि कामाला नवा जोडला.

देवीला फसवलं म्हणा ना.

तीन वाजता पडद्यावरचे आकडे थांबले.

तिनं पायथन पुन्हा सुरू केलं. उत्तर आलं... असं काही या मशीनवर नाही.

सकाळी तर होतं.

तिनं पायथनचं फोल्डर उघडलं. रिकामं. ती पाण्यासाठीही उठली नव्हती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

पायथन नव्यानं बसवलं. 'यशस्वी', मशीन म्हणालं. माशांचा प्रोग्रॅम चालवला...

असं काही या मशीनवर नाही.

तिनं कोचीतल्या एबिनला फोन लावला. कॉलेजातला दोस्त, तिला चेची म्हणजे ताई म्हणणारा, यातला जाणकार.

"चेची, भाषा कुठं ठेवलीय ते मशीनला सांगितलंस का?"

"तीनदा."

"मग दोन पायथन झाले असतील. दोन जावांसारखं असतं ते, एकीचं दुसरीला बघवत नाही. जुनं काढून टाक."

"काढायला काही असेल तर काढू ना. फोल्डरच रिकामं आहे."

"तारीख बघ फोल्डरची."

तिनं पाहिली. फोल्डरवर तारीख होती उद्याची. विजयादशमी. सकाळी सात बारा.

मशीनचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं.

एबिन हसला. "उद्या या म्हणतोय, सरकारी कारकुनासारखा."

मग तो हसायचा थांबला. "चेची... मागं टाईप कोण करतंय?"

रजिताचे हात मांडीवर होते.

टक्. टक् टक्.

आवाज मागच्या खोलीतून येत होता.

फोन कट झाला. बाहेर लख्ख ऊन. समुद्र ताटासारखा सपाट. आणि मागे... टक् टक् टक्.

माश असेच टाईप करायचे. दोन बोटांनी. मध्येच थांबून.

ती उठली. दार ढकललं.

समई जळत होती. पुस्तकांच्या थप्पीवर माशांचा कीबोर्ड उघडा पडला होता. रेशीम गायब. वायर नुसती लोंबत होती. आणि बटणं... आपोआप खाली जात होती. एकेक करून.

शेवटचं बटण दाबलं गेलं.

तिचा मोबाइल वाजला.

'परत फिरा. पाणी चोरपावलांनी येतंय.'

हे शब्द माशांचे. माश गेल्यावर रजितानं स्वतः ते प्रोग्रॅममधून काढून सरकारी मजकूर घातला होता.

तेवढ्यात तिच्या पायाशी काहीतरी थरथरलं. पूजेतल्या पुस्तकांमध्ये एक फोन उजळला होता. त्यावरही तोच निरोप.

फोन सुधीशचा होता.

आई म्हणाली असणार, तुझं हत्यार पण ठेव पूजेला. ठेवलं बिचाऱ्यानं. आणि तसाच गेला समुद्रात.

रजिता अनवाणी धावली. होड्या फिरल्या होत्या, एकामागून एक. सुधीशची तेवढी लांब, पाठमोरी. हाक पोचेल कशी?

आणि दगडी बांधाच्या टोकावर कुणीतरी उभं होतं... लाल रेशीम डोक्यावर फिरवत.

सुधीशची होडी वळली.

ती वाळूला लागली आणि पाणी चढलं. वाऱ्याची झुळूक नाही, तरी माडांच्या बुंध्यापर्यंत. बांधावरचं माणूस तोवर दिसेनासं झालं होतं.

सुधीश धापा टाकत म्हणाला, "चेची, पुष्करन माश हात करत होते गं."

ते रेशीम समुद्रानं नेलं. पुन्हा सापडलं नाही. आणि विजयादशमीला, सकाळी सात बाराला, कुणी हात न लावता प्रोग्रॅम सुरू झाला.

बोला आता. खरं की खोटं?

"खोटं," कोपऱ्यातून रजिता म्हणाली. तिनं ग्लास खाली ठेवला. "सुधीश माश म्हणालाच नव्हता, अम्मावा. तो म्हणाला, टकलू अम्मावन बांधावर नाचतोय. माशांना शेवटपर्यंत केस होते."

सगळी टपरी हसली. माझा हात डोक्यावर गेला.

"पाणी मागं सरकताना तुम्हाला दिसलं. मागच्या दारानं शिरलात, पूजेतलं लाल कापड ओढलंत आणि पळालात. पूजेतलं उचललं म्हणून वर्षभर माशांच्या नावावर खपवताय. माझा भाऊ वाचला, मी कशाला बोलू?"

"मग झालं तर," मी म्हणालो.

"पण कीबोर्ड उघडा होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी नाही."

मी चहाचा ग्लास तोंडाला लावला.

"तुम्ही काहीतरी ओढलंत खरं, पण मी आत गेले तेव्हा रेशीम कीबोर्डवरच होतं, अम्मावा. बटणं त्याच्या खाली हलत होती. मी स्वतः उचललं ते. अजून माझ्या कपाटात आहे."

आता कुणी हसत नव्हतं.

"मग बांधावर तुमच्या हातात काय होतं?"